वर्गातल्या टायमरबद्दल केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

सन्माननीय केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी साहेब आणि मॅडम, आणि छोट्या शाळा चालवणाऱ्या माझ्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही शिक्षण परिषदांमध्ये वेळेचं नियोजन हा विषय सारखा निघतोय आणि दरवेळी चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबते, की प्रत्येक शिक्षकाने आपल्या फोनवर तासिकांचे अलार्म लावावेत, अलार्म वाजला की विषय बदलावा, वेळापत्रकाप्रमाणे अध्यापन झालंच पाहिजे. अर्धे जण मान डोलावतात, अर्धे म्हणतात कारखान्याचे भोंगे शाळेत कशाला आणताय. मला खरं सांगायचं तर दोन्ही पटत नाही. मी एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते, टायमर रोज वापरते, आणि त्याचा उपयोग किती होतो हे डोळ्यांनी बघते म्हणून हे लिहायला बसलेय. माझं म्हणणं एवढंच आहे की टायमर लावायचा तो मुलाला त्याच्या हक्काचा वेळ मिळावा म्हणून, आणि असं व्हायचं असेल तर तो आधी आम्हा मोठ्यांना लागू झाला पाहिजे, म्हणजे बाईंच्या बोलण्याला, सरांच्या फोनला आणि वरून येणाऱ्या 'तात्काळ' टपालाला सुद्धा.

आधी हिशोब मांडते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या, म्हणजे आरटीईच्या, परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. आमच्या मुलांचं म्हणजे दिवसाला ४ तास झाले. आता एका खोलीत दोन इयत्ता आणि शिक्षक एक, म्हणजे बाई प्रत्यक्ष माझ्याशी बोलतायत, मला शिकवतायत असा वेळ एका इयत्तेच्या वाट्याला जास्तीत जास्त २ तास, आणि त्या २ तासांत मराठी पण आलं, गणित पण, इंग्रजी पण आणि परिसर अभ्यास पण. ज्या शाळेत चार इयत्ता मिळून एकच शिक्षक रोज उभा असतो (दुसरे प्रशिक्षणाला, बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला किंवा रजेवर), तिथे हा वाटा १ तासावर येतो. अशा ठिकाणी रोज फक्त १० मिनिटं वाया गेली, म्हणजे परिपाठ लांबला, खिचडीचा फोटो टाकायला नेटवर्क मिळेना, कुणी पालक दारात बोलत उभे राहिले, तर २०० दिवसांत २००० मिनिटं जातात, म्हणजे ३३ तासांच्या वर, म्हणजे शाळेचे आठ अख्खे दिवस. कुठेही सुट्टी लागलेली नसते, हजेरीपटावर सगळं भरलेलं असतं, आणि मुलांचे आठ दिवस गेलेले असतात. मोठ्या शाळेला हे परवडत असेल कदाचित, जोडवर्गाला अजिबात परवडत नाही.

म्हणून वेळ राखायलाच हवा यात माझं दुमत नाहीच. प्रश्न आहे कसा राखायचा.

तासिकेच्या अलार्मबद्दल आधी बोलते. आमच्याकडे शिपाई नाही, घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेने टांगलेला लोखंडी तुकडा, चौथीची मुलं पाळीपाळीने टोले देतात आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान असतो ते तुम्ही शाळेला भेट द्यायला येता तेव्हा बघितलंच असेल. परिपाठ, लघुविराम, मधली सुट्टी, शाळा सुटणं, याला ती घंटा पुरेशी आहे. पण ३५-४० मिनिटांनी विषय बदला हा नियम त्या शाळांसाठी आहे जिथे सर बदलतात. गणिताचे सर जाऊन इंग्रजीच्या मॅडम येणार असतील तर तास संपायलाच हवा. जोडवर्गात मीच गणित आणि मीच इंग्रजी, मग तिसरीची मुलं माचिसच्या काड्यांचे दशक बांधून नुकतीच हातच्यापर्यंत पोचलीत आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून काड्या भरा पिशवीत, हे कुणाच्या फायद्याचं आहे? तो तास ५५ मिनिटांचा झाला आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीला जास्त वेळ दिला तर आठवड्याचा हिशोब बरोबर बसतो. तर आठवड्याच्या तासिका मोजा, रोजच्या ठोक्याला अडवू नका, ही माझी पहिली विनंती.

टायमर खरा कामाला येतो तो तासाच्या आत. आणि जोडवर्गात तर इतका, की मला वाटतं द्विशिक्षकी शाळेच्या प्रत्येक खोलीत खडूच्या पेटीशेजारी एक टायमर असायलाच हवा. कसं ते सविस्तर सांगते, कारण परिषदेत दोन मिनिटांत हे सांगता येत नाही.

समजा भागाकार चाललाय. चौथीसाठी फळ्याच्या उजव्या बाजूला तीन पायऱ्यांचं काम लिहिते, एक सगळ्यांना जमेल असं, एक जरा विचार करायला लावणारं, आणि एक डोकं खाजवायला लावणारं. त्यांना सांगते, ही १५ मिनिटं तुमची तुमची, अडलं तर आधी शेजाऱ्याला विचारा, मग गटप्रमुखाला, तरी नाही जमलं तर तिथे गोल करून पुढे जा. टायमर फिरवून सगळ्यांना दिसेल असा ठेवते आणि तिसरीकडे जाऊन बसते, खाली, सतरंजीवर, त्यांच्यात. त्या १५ मिनिटांत मी तिसरीची. टायमर वाजला की मी चौथीची आणि तिसरीला स्वतःचं काम. आधी काय व्हायचं, दर दोन मिनिटांनी कुणीतरी वही घेऊन उभं, बाई हे बघा ना, बाई याने माझं रबर घेतलं, बाई पुढे काय करू, आणि दोन्ही इयत्तांना अर्धवट बाई मिळायच्या. टायमर समोर असला की मूल त्याच्याकडे बघतं, अजून चार मिनिटं आहेत असं स्वतःशीच म्हणतं आणि परत वहीत जातं. धाक म्हणून नव्हे हं, त्याला कळलेलं असतं की आपली पाळी येणार आहे, नक्की येणार आहे आणि कधी येणार ते समोर दिसतंय. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'थांब जरा' म्हणजे किती हे कळत नाही, त्याला ते कायमचं थांबल्यासारखं वाटतं.

पण याची एक अट आहे आणि ती फार कडक आहे. टायमर वाजला की बाईंनी थांबलं पाहिजे. वाक्य अर्धं असलं तरी. तिसरीला शिकवताना रंगात आलेय आणि चौथीला हाताने खूण करून 'दोनच मिनिटं' म्हटलं की झालं, त्या दिवसापासून टायमरला काही अर्थ उरत नाही, मुलं बरोबर ओळखतात की हे यंत्र फक्त आपल्याला गप्प बसवायला आहे. मला विचाराल तर शिक्षकाला हेच सगळ्यात अवघड जातं. आपल्याला बोलायची सवय, एक उदाहरण झालं की दुसरं सुचतं, मुलांचे डोळे आपल्याकडे असले की आणखी पाच मिनिटं बोलावंसं वाटतं. नवीन शिक्षकांना मी हेच सांगते की आधी आठवडाभर टायमर स्वतःच्या बोलण्यावर लावा, नवीन गोष्ट सांगायला ८ मिनिटं घ्या, ती संपली की मुलांच्या हातात काहीतरी करायला द्या, मग मुलांवर वापरायचं बघा.

बोलण्यावरून आणखी एक, आणि याला तर टायमर पण लागत नाही, मनातल्या मनात मोजलं तरी चालतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञान शिक्षण अभ्यासक होत्या, त्यांनी वर्गातलं बोलणं टेपवर रेकॉर्ड करून १९७०च्या दशकात मांडलं की शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून टाकतो. तेच शिक्षक ३ सेकंद थांबायला लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलायला लागली, 'माहीत नाही' कमी झालं आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागली. तीन सेकंद हो! आता आपल्याकडे बघा, जे मूल घरी गोरमाटी बोलतं, पावरी बोलतं, भिली बोलतं, किंवा ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाऊन चार-पाच महिन्यांनी वर्गात परत आलंय, त्याला प्रश्न कळून, उत्तर सुचून, ते पुस्तकी मराठीत जुळवायला किती वेळ लागत असेल. त्याच्या तोंडाशी उत्तर आलेलं असतं आणि पुढच्या बाकावरच्या हुशार पोराने ते सांगून टाकलेलं असतं. वर्षभर असंच झालं की ते मूल प्रश्न ऐकणंच सोडून देतं, आणि आपण शेरा लिहितो 'लक्ष देत नाही'. साहेब, तुम्ही वर्ग तपासणीला येता तेव्हा सुद्धा मुलांना प्रश्न विचारता, आणि तुमच्या समोर तर मुलं आधीच बावरलेली असतात. तुम्ही पण मनात पाचपर्यंत मोजा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता फोनबद्दल. फोनवरचा टायमर वर्गात नको असं माझं स्पष्ट मत झालंय. फोन वाईट आहे म्हणून नाही, फोनवर बरंच काही चांगलं आहे. पण टायमर बघायला फोन उचलला की वर ग्रुपचा मेसेज दिसतोच, 'खालील माहिती आज दुपारी १२ पर्यंत लिंकवर भरावी, विलंब झाल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांची', खाली चाळीस जणांचे हात जोडलेले, आणि ज्या शाळांनी माहिती भरली नाही त्यांची यादी. मग सांगा, ज्याच्या शाळेचं नाव त्या यादीत आहे तो माणूस फोन खाली ठेवेल का? टायमर चालू असतो, मुलं काम करत असतात आणि बाई पटसंख्येचे रकाने भरत असतात. मुलं सगळं बघतात. टायमर मुलांसाठी आहे पण बाईंसाठी नाही हे त्यांना बरोबर कळतं. त्यात मुलांना फोनवरचे आकडे दिसतही नाहीत, खोलीच्या टोकाला बसलेल्याला तर नाहीच नाही.

त्यापेक्षा चावी देऊन फिरवायचा किचन टायमर घ्या, बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतो, ६० मिनिटांपर्यंत लावता येतो, सेल नको, चार्जिंग नको, लाइट गेली तरी चालतो, आणि आमच्याकडे लाइट जातेच. त्यातही उरलेला वेळ रंगीत चकतीने दाखवणारे मिळतात, जसजसा वेळ सरतो तशी चकती लहान होत जाते, पहिली-दुसरीला हे फारच छान कारण आकडा वाचता न येणाऱ्या मुलालाही किती उरलं ते दिसतं. ज्या मुलांना एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळायला फार त्रास होतो, स्वमग्न मुलं किंवा एका जागी टिकायला जड जाणारी मुलं, त्यांनाही असं दिसणारं घड्याळ आधार देतं, आपल्या विशेष शिक्षकांना विचारा, ते सांगतील. शाळेत टीव्ही किंवा पॅनल असेल तर त्यावर मोठ्या अक्षरांत टायमर लावता येतो, मात्र तो लाइटवर.

आणि काहीच खरेदी करायचं नसेल तर भिंतीवरचं घड्याळ आहेच. त्याच्या काचेवर व्हाइटबोर्डच्या पेनाने एक खूण करायची, मोठा काटा इथे आला की थांबायचं, काम झालं की खूण पुसून टाकायची. यात एक गंमत अशी होते की घड्याळाचा धडा वेगळा शिकवावाच लागत नाही, मुलं स्वतःहून सांगायला लागतात की बाई आठवरून दहावर जायचं म्हणजे १० मिनिटं दिलीत तुम्ही.

आम्ही एकदा परिसर अभ्यासाच्या तासाला पाण्याचं घड्याळ पण केलं. मुलांना आधी घटिकापात्राबद्दल सांगितलं, पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्याच्या भांड्यात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायचे, ती भरून बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, अशा ६० घटकांचा एक दिवस. गंमत म्हणजे ज्याला आज पोमोडोरो म्हणतात, फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून काढलेली अभ्यासाची पद्धत, तिचा पल्ला पण २५ मिनिटांचाच आहे. मग मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून, बूड कापून, ती उलटी टांगली आणि दर मिनिटाला पाण्याच्या पातळीशी पेनाने रेघ मारली. रेघा सारख्या अंतरावर येईनात. वरच्या लांब लांब, खालच्या जवळ जवळ. आधी सगळ्यांना वाटलं मोजणाऱ्याचं चुकतंय, परत केलं, परत तसंच, आणि मग एका मुलीने सांगितलं की पाणी कमी झालं की त्याचा जोर कमी होतो म्हणून हळू गळतं. चौथीतल्या मुलीने! तो तास मी कुठल्याच घंटेला थांबवला नाही, आणि असा तास थांबवायचा नसतोच.

आवाजाबद्दल पण बोलायला पाहिजे, कारण याकडे कुणी बघत नाही. आपल्या शाळांत दोन खोल्यांच्या मध्ये कित्येकदा फक्त पत्रा नाहीतर कपाटांची रांग असते, इकडचा अलार्म तिकडे वाजतो. फोनच्या कर्कश अलार्मने मुलं दचकतात, एखादं तर कानावर हात ठेवून बसतं आणि पुढची पाच मिनिटं ते सावरत नाही. माझ्या वर्गात टायमर अगदी हळू टिण करतो आणि मग 'वेळरक्षक' असलेलं मूल टाळ वाजवतं, एकच ठोका, त्याचा नाद हळूहळू विरतो तोपर्यंत हातातलं वाक्य पूर्ण करायचं, असं ठरलंय. पेन्सिल तिथल्या तिथे खाली ठेवा असं मी कधीच सांगत नाही. अर्धं वाक्य सोडायला लावणं म्हणजे त्या मुलाच्या विचाराचा अपमान आहे असं मला वाटतं. आणि संपायच्या दोन मिनिटं आधी वेळरक्षक सगळ्यांना सांगून येतो. ही पाळी आठवड्याला बदलते आणि मुद्दाम गडबडी मुलांना ती आधी देते, त्यांच्याइतकं काटेकोर दुसरं कुणी सांभाळत नाही.

आता जिथे टायमर अजिबात नको ते. इथे मला जरा जोरात बोलावंसं वाटतं.

पाढ्यांवर नको. एका मिनिटात सतराचा पाढा कोण म्हणतो अशा स्पर्धा लावून आपण मुलांच्या मनात गणिताची जी भीती भरवतो ती दहावीपर्यंत जात नाही. ज्याला पाढा येतो तोच जिंकतो आणि ज्याला येत नाही त्याला सगळ्यांसमोर कळतं की आपल्याला येत नाही, यात शिकणं कुठे झालं? चित्र काढताना नको. मूल घरचं काही सांगत असताना नको. आणि लघवीला जायला, पाणी प्यायला वेळेचं बंधन तर कधीच नको. उलट केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये 'वॉटर बेल' सुरू केली, मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटा, हा घंटेचा किती चांगला उपयोग आहे. आमच्या भागात मार्चपासून ऊन जे तापतं ते बघता आपल्याकडे ती प्रत्येक शाळेत रोज वाजायला हवी, तिला काही खर्च पण नाही.

वाचनाचं मात्र थोडं वेगळं आहे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे, म्हणजे कधी ना कधी घड्याळ लावून मोजावं लागणारच. मोजायला माझी ना नाही, कुठलं मूल अडखळतंय ते त्यामुळे कळतं. पण मोजायचं ते मुलाला न दाखवता. घड्याळ बाईंच्या मांडीवर असू दे, मुलाच्या डोळ्यांसमोर फक्त गोष्ट असू दे. मी अशी मुलं बघितलीत जी टायमर दिसला की स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं गिळत धावत सुटतात आणि शेवटी विचारलं की कोल्हा कुठे गेला तर गप्प. उद्दिष्टात 'समजून' हा शब्द आहे तो आपण विसरायचा नाही. आणि आकडे वर पाठवताना वर्गातल्या भिंतीवर कुणाचे किती शब्द असा तक्ता लावायला कृपया कुणाला सांगू नका.

परीक्षेची सवय लागायला हवी हे मान्य. शिष्यवृत्तीच्या पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि खेड्यातलं मूल पहिल्यांदा ओएमआर शीट हातात धरतं तेव्हा त्यातली बरीचशी मिनिटं गोल रंगवण्यात जातात. त्याला आधी सराव पाहिजेच. पण तो पायरीपायरीने, आधी वेळ न लावता सगळे प्रश्न, मग १० प्रश्नांना १५ मिनिटं, मग १२, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं कसं ते मुद्दाम शिकवायचं. आणि मोठमोठ्या परीक्षा घेणाऱ्यांनाही वेळ वाढवून द्यावासा वाटलाय हे लक्षात घ्या. दहावी-बारावीच्या पेपरला आपल्या बोर्डाने २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जादा दिली, आणि दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा द्यावीत असं केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मग आमच्या घटक चाचणीत एखाद्या हळू लिहिणाऱ्या मुलाने मधल्या सुट्टीतली १० मिनिटं मागितली तर आपण का देऊ नयेत? मी देते. खिचडी त्याच्यासाठी झाकून ठेवते आणि तो पेपर पूर्ण करून येतो, आणि बऱ्याचदा उत्तरं बरोबर असतात हो, फक्त त्याला वेळ लागतो.

आता मागणं काय आहे ते सांगते.

समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानाच्या निकषात ३० मुलांपर्यंतच्या शाळेला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० मुलांच्या शाळेला २५,००० रुपये आहेत. त्यातून प्रत्येक खोलीला एक चावीचा टायमर आणि एक चालू भिंतीवरचं घड्याळ घ्यायला हरकत नाही एवढं तुम्ही परिषदेत तोंडी जरी सांगितलंत तरी मुख्याध्यापक घेतील, नाहीतर ऑडिटला विचारतील या भीतीने कुणी दोनशे रुपयांची वस्तू घेत नाही. कित्येक वर्गांत घड्याळच नाही किंवा सेल संपून ते एकाच वेळेवर थांबलेलं आहे, भेटीत बाकी सगळं बघता तसं तेही बघा.

मात्र टायमर दिलात म्हणून त्याचं रजिस्टर काढू नका. कुठल्या तासाला कधी लावला, किती वेळा वाजला, फोटो पाठवा, हे सुरू झालं की शिक्षक टायमर लावेल फोटोसाठी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोज सकाळी परिपाठ संपल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत आम्हाला फोन करू नका, ग्रुपवर 'तात्काळ' टाकू नका. खरंच तातडीचं असेल, मुलांच्या जिवाशी, तब्येतीशी संबंधित असेल, तर जरूर करा, त्याला कधीच ना नाही. बाकी माहिती मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर मागा, आम्ही देतो, आजवर देतच आलोय. आरटीईमध्येच शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास पूर्वतयारीसकट धरलेत, माहितीचं काम त्या उरलेल्या वेळात बसवता येईल, मुलांच्या ४ तासांत नको. मला माहितेय की तुमच्यावरही वरून तसाच दबाव असतो, जिल्ह्याची यादी लागते त्यात तालुक्याचं नाव खाली नको असतं. पण सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं ते मुलांची झोप व्हावी म्हणूनच ना? मुलांच्या झोपेसाठी अख्ख्या राज्याचं वेळापत्रक हलू शकतं, तर त्यांच्या शिकण्याच्या सकाळच्या दोन-अडीच तासांसाठी एका तालुक्याचा ग्रुप शांत राहू शकतो असं मला मनापासून वाटतं. एखाद्या केंद्रात महिनाभर करून बघा, माहिती उशिरा पोचते का ते तपासा, आणि पुढच्या परिषदेत सगळ्यांसमोर मांडा.

ज्यांना जोडवर्गातली १५-१५ मिनिटांची पद्धत बघायची असेल त्यांनी आमच्या शाळेत कधीही यावं, आधी कळवायची गरज नाही. फक्त आल्यावर वर्गात मागे सतरंजीवर बसा, मुलं उभी राहून 'नमस्ते' म्हणणार नाहीत कारण त्यांचा टायमर चालू असेल, तो वाजला की ती स्वतःहून तुमच्याकडे येतील आणि काय काय केलं ते सांगतील.

आपली विश्वासू,
तिसरी-चौथीच्या जोडवर्गाची एक शिक्षिका